जुन्या घराचा आणि त्यात राहून गेलेल्यांचा माग कसा काढावा? विदर्भातल्या खेड्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावातलं जुनं घर पाडायला निघालं, वाटणीला आलं किंवा नुसतंच बंद पडलं, की कुणाला तरी वाटतं, हे बांधलं कुणी आणि आपल्याआधी इथे कोण राहत होतं? असे प्रश्न घेऊन माणसं सतत येतात, आणि बहुतेकांचे प्रश्न तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. पश्चिम महाराष्ट्रातल्या दप्तरांची माहिती विदर्भाला जशीच्या तशी लागू पडत नाही, म्हणून उत्तरं आपल्याकडच्या कागदांना आणि गावांना धरून दिली आहेत.

१. सुरुवात कुठून करायची? आधी तहसीलला जाऊ का?

नाही, आधी माणसांकडे जा. तहसीलचं दप्तर पुढच्या वर्षीही तिथेच असेल, नव्वदीतली आजी असेलच असं नाही. त्यातही सुनेच्या नात्याने गावात आलेल्या बायांना आधी विचारा. जन्मापासून तिथेच राहिलेल्याला घर रोजचंच असतं. नव्याने आलेल्या मुलीने मात्र ते नीट पाहिलेलं असतं, कोणत्या खोलीत कोण निजायचं इथपर्यंत.

"हे घर कोणत्या साली बांधलं?" असं विचारलंत तर "लई जुनं आहे" एवढंच उत्तर मिळेल. "तुमचं लग्न झालं तेव्हा ही ओसरी होती का? कवेलू होते की टिना? बंगई कुठे टांगली होती? कोठा कोणत्या बाजूला होता?" असं विचारा. लग्नाचं साल, पहिल्या पोराचं साल, पुराचं साल अशा खुंट्या मिळाल्या की बाकीचं त्यांना अडकवता येतं. पोळ्याला पहिला मान कोणत्या घराच्या बैलजोडीला होता, तो पुढे कुणाकडे गेला आणि का, हेही विचारा. पाटीलकी किंवा मालगुजारी कोणत्या घरात होती, हे यातून चटकन कळतं.

२. घराचा जुना सातबारा काढायला गेलो तर "घराचा सातबारा नसतो" म्हणाले. खरं आहे का?

खरं आहे. सातबारा शेतजमिनीचा असतो. गावठाणातली घरं महसुली कागदात एकेकटी येत नाहीत. जुन्या नकाशात सगळ्या वस्तीचा मिळून एक तुकडा दिसतो, त्यावर 'आबादी' किंवा 'गावठाण'. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्या, पण त्यात आजचा धारक आहे, पणजोबा नाही.

तरी शेतीचे कागद सोडू नका. त्या घरातल्या माणसाची शेती असेल तर तिच्या फेरफारात, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, तो कधी वारला, वारस कोण, वाटणी कशी झाली हे लिहिलेलं असतं. घराचा नाही, तरी घरातल्यांचा इतिहास मिळतो.

३. '८ अ' आणि 'नमुना ८' एकच ना?

नाही. गाव नमुना ८ अ तलाठ्याकडे असतो (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी, आपल्याकडे जुन्या माणसांच्या तोंडी अजून पटवारीच) आणि तो शेतीच्या खात्याचा उतारा आहे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे घरांच्या कर आकारणीची नोंदवही. तुम्हाला हवा तो हा दुसरा.

त्यात घर क्रमांक, मालकाचं नाव, भोगवटा कुणाचा, बांधकाम मातीचं की पक्कं, लांबी-रुंदी असं असतं. मालक आणि भोगवटादार हे वेगळे रकाने आहेत आणि भाडेकरूचं नाव सापडण्याची शक्यता दुसऱ्यात असते. फेरआकारणी होते तेव्हा घर क्रमांक बदलू शकतात, म्हणून आजचा क्रमांक घेऊन जुन्या वहीत शोधलंत तर भलत्याच घरात शिराल. आजूबाजूच्या चार-पाच घरांची नावं लिहून न्या आणि तो क्रम जुन्या वहीत शोधा. या वह्या फार मागे जात नाहीत. बऱ्याच ठिकाणी पंचायत स्थापन झाली तिथपासूनच्या, आणि त्याही सगळ्या जपलेल्या असतील असं नाही.

४. अमरावतीकडच्या मित्राला मिळाले ते कागद आम्हाला भंडाऱ्यात का मिळत नाहीत?

कारण विदर्भ हा महसुलाच्या दृष्टीने दोन वेगळे प्रदेश होता. हे समजलं की अर्धा शोध सोपा होतो.

वऱ्हाड म्हणजे अमरावती, अकोला, बुलडाणा, यवतमाळ आणि आजचा वाशीम. हा मुलूख निजामाचा. १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या कारभाराखाली आला, १९०२ मध्ये कायमच्या पट्ट्याने दिला गेला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. इथे मुख्यतः रयतवारी होती: शेतकरी थेट सरकारात सारा भरायचा, गावचे पाटील आणि पटवारी वतनदार. त्यामुळे लहान शेतकऱ्याचंही नाव जुन्या कागदात सापडू शकतं. जुनी पेरेपत्रकं आणि हक्कनोंदणी इथे मागायची. यवतमाळ भागात काही गावांच्या नावापुढे 'इजारा' लागतं. ती पडीक मुलूख वसवायला मक्त्याने दिलेली गावं, तिथे इजारदाराचं घर आणि बाकी घरं यांचा इतिहास वेगळा निघतो.

नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा भोसल्यांचा मुलूख. १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारले, १८५४ मध्ये राज्य खालसा झालं, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि मालगुजारी पक्की झाली. गावाचा सारा मालगुजार भरणार, रयत त्याच्याकडे. इथे बंदोबस्ताची (सारा ठरवण्यासाठी झालेल्या मोजणी-आकारणीची) मिसल म्हणजे फाईल, खसरा (शेतवार नोंद), वाजिब-उल-अर्ज, निस्तारपत्रक (सामाईक जमीन-जंगल वापरण्याच्या हक्कांची नोंद) हे कागद बघायचे. वाजिब-उल-अर्जात गावचे रिवाज लिहिलेले असतात. घर बांधायला जागा कुणी द्यायची, जंगलातून लाकूड कुणाला मिळायचं, गाव सोडून गेलेल्याच्या घराचं काय व्हायचं, हे त्यात सापडू शकतं. घरांच्या इतिहासाला इतका जवळचा सरकारी कागद दुसरा नाही, आणि तो फार थोडे लोक मागतात.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि १९५१ मध्ये गावं सरकारजमा झाली. मालगुजाराचा राहता वाडा मात्र त्याच्याकडेच राहिला. म्हणून पूर्व विदर्भात तलाव सरकारी (माजी मालगुजारी म्हणून 'मामा तलाव') आणि त्याच माणसाचा वाडा खासगी, असं दिसतं. यानंतरचा सर्वांत उपयोगी कागद म्हणजे १९५४-५५ चं अधिकार अभिलेख. नक्कल मागताना या सालाचा उल्लेख करा, अभिलेख कक्षातल्या माणसाला लगेच कळतं.

५. अर्ज दिला तर "बंदोबस्त नंबर काय?" म्हणून परत पाठवलं. तो कुठून आणायचा?

पूर्वेकडच्या जिल्ह्यांत एकाच नावाची गावं एकाच तहसिलीत असू शकतात, म्हणून मौजा (महसुली गाव), पटवारी हलका नंबर (पटवाऱ्याच्या हद्दीचा) आणि बंदोबस्त नंबर असं लिहिलं जातं. कोणत्याही जुन्या खरेदीखताच्या पहिल्या परिच्छेदात तो मिळेल. तुमच्याकडे कागद नसेल तर शेजाऱ्याच्या खरेदीखतावरून घ्या, गावाचा नंबर एकच असतो.

६. घराचं जुनं खरेदीखत शोधायचं आहे, पण साल माहीत नाही.

दुय्यम निबंधक कार्यालयात सूची असतात. सूची १ माणसांच्या नावाने, सूची २ मिळकतीने. नोंदणी कायदा १९०८ च्या कलम ५७ प्रमाणे या सूची आणि स्थावराच्या दस्तांचं पुस्तक १ फी भरून कुणालाही पाहता येतं, घर तुमचंच असावं लागत नाही. मृत्युपत्रांचं तसं नाही. करणारा हयात असेपर्यंत नक्कल त्यालाच किंवा त्याच्या मुखत्याराला, त्याच्यानंतर कुणालाही. साल माहीत नसेल तर प्रश्न १ मधल्या खुंट्यांवरून दहा वर्षांचा पट्टा ठरवा.

दस्त हाती आला की किंमत वाचून थांबू नका. खरा खजिना चतुःसीमेत असतो. समजा असं लिहिलंय: "पूर्वेस सरकारी रस्ता, पश्चिमेस धोंडबाची सांदवाडी, उत्तरेस मारोतीचे देऊळ, दक्षिणेस विकून देणाराचे राहिलेले घर." या एका ओळीत किती आहे पाहा. आज गल्लीत असलेलं दार तेव्हा रस्त्यावर होतं. धोंडबाच्या सांदवाडीवर, म्हणजे घरालगतच्या मोकळ्या जागेवर, आज कुणाचं घर आहे, ते घर त्यानंतरचं. आणि "विकून देणाराचे राहिलेले घर" म्हणजे तुमचं घर हे एका मोठ्या घराचा अर्धा तुकडा आहे, दुसरा तुकडा भिंतीपलीकडे उभा असेल. शेजारच्यांचे दस्त काढलेत तर त्यांच्या चतुःसीमेत तुमच्या घराचा त्या काळचा मालक सापडतो, तुमचा स्वतःचा दस्त हरवला असला तरी.

शंभर रुपयांखालच्या विक्रीला नोंदणी सक्तीची नव्हती. गरिबांची मातीची घरं साध्या चिठ्ठीवर किंवा चार माणसांसमोर तोंडी दिली-घेतली गेली. त्यामुळे दस्त नाही म्हणजे घर बळकावलेलं, असा अर्थ काढू नका.

७. कागदावर 'जिल्हा वणी' लिहिलं आहे. असा जिल्हा कुठे होता?

होता. आजच्या यवतमाळचा तो पूर्वीचा जिल्हा. वाशीम आणि एलिचपूर (अचलपूर) हेही वेगळे जिल्हे होते. १९०५ च्या फेररचनेत वाशीम मुख्यतः अकोल्यात आणि एलिचपूर अमरावतीत गेलं. पुढे १९८२ मध्ये चंद्रपुरातून गडचिरोली, १९९८ मध्ये अकोल्यातून वाशीम, १९९९ मध्ये भंडाऱ्यातून गोंदिया निघाला. कागद ज्या काळचा, त्या काळच्या जिल्ह्याच्या ठिकाणीही विचारा. गोंदियाच्या गावाची जुनी मिसल भंडाऱ्यात असू शकते.

८. मोडी कागद आहेत आणि सालं विचित्र आहेत: १२९५, १८३२, १९५६.

मोडी वाचणारे मिळतात, राज्याचं पुराभिलेख खातं मोडीचे वर्गही घेतं आणि त्याचं नागपूरला कार्यालय आहे. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध चालू झाल्यावर अनेक जिल्ह्यांनी जुनी पानं स्कॅन करून आपल्या संकेतस्थळांवर टाकली, तीही चाळा. पण आधी साल ओळखा. शके असेल तर ७८ मिळवा: १८३२ म्हणजे १९१०. वऱ्हाडातल्या निजामी वळणाच्या कागदांत फसली सन येतं, त्यात साधारण ५९० मिळवा: १२९५ म्हणजे १८८५ च्या सुमारास. भोसल्यांच्या काळच्या कागदांत शुहूर सन दिसलं तर ५९९ किंवा ६००. मारवाडी सावकाराच्या वहीत संवत असतो, त्यातून ५७ वजा करा. १९५६ हे आकडे इसवी सनाचे की संवताचे, यावरून माणसं फसतात. संवत १९५६ म्हणजे १८९९-१९००, छप्पन्नचा दुष्काळ.

९. एकाच नावाची तीन माणसं सापडली. आमचा कोण?

आजोबाचं नाव नातवाला ठेवण्याची पद्धत, त्यात जुन्या कागदांत आडनावच नाही. आपल्याकडच्या कागदांत 'रामाजी वल्द गोविंदा' असं बापाचं नाव येतं, विवाहितेपुढे 'जौजे' आणि नवऱ्याचं नाव, विधवेपुढे 'बेवा'. नुसत्या नावावर जाऊ नका, बापाचं नाव, जात आणि मौजा ही तिन्ही जुळली पाहिजेत.

यासाठी दोन दप्तरं फार मोलाची. एक कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूची जुनी नोंद, तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळते. दुसरं शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर. त्यात पालकाचं नाव, धंदा आणि शाळा सोडल्याचं कारण असतं. "गाव सोडून गेले" अशी तीन शब्दांची नोंद एखाद्या कुटुंबाच्या जाण्याचं साल सांगून जाते. १९५६ च्या धर्मांतरानंतर अनेक घरांची जातीच्या रकान्यातली नोंद बदलली, त्यामुळे आधीचं आणि नंतरचं कुटुंब वेगळं समजू नका.

भाटांच्या वह्या आणि त्र्यंबकेश्वर, काशी, गयेच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतूनही वंशावळ मिळते. तीर्थाच्या वहीत यात्रेला गेलेल्याने स्वतः सांगितलेली नावं असतात, म्हणून मला तिचा भरवसा अधिक. दोन्हींत मुली आणि सुना क्वचितच येतात.

१०. मालकांची नावं मिळाली. आता इतिहास पूर्ण झाला ना?

नाही, आणि या पानावरची ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. दप्तर मालकाला ओळखतं. घरात राहिलेले मात्र त्याच्या कितीतरी पट असतात: कोठ्याशेजारच्या खोलीत वर्षानुवर्षं राहिलेला सालदार (वर्षाच्या कराराने ठेवलेला गडी) आणि त्याची बायकापोरं, माहेरी परत आलेली विधवा आत्या, भाड्याने राहिलेले शाळामास्तर, कापसाच्या हंगामात येणारा व्यापारी, दुष्काळात आसऱ्याला आलेलं कुटुंब. यांना वगळून लिहिलेला घराचा इतिहास हा मालमत्तेचा इतिहास होतो.

त्यांचा माग असा लागतो. सालदारीचा करार पाडव्यापासून पाडव्यापर्यंत असे. वाड्यात जुनी जमाखर्चाची वही असेल तर त्या सुमाराच्या पानांवर सालदारांची नावं, ठरलेली ज्वारी, दिलेली उचल, धोतरजोडी आणि जोडे लिहिलेले सापडतील. ते पान कोपऱ्यापर्यंत वाचा. उचल वाढत गेली आणि तेच नाव वर्षामागून वर्ष येत राहिलं, तर ते कुटुंब कर्जापायी त्या घराला बांधलं गेलं होतं. मास्तरांसाठी शाळेचं हजेरीपत्रक बघा. बायकांसाठी लग्नपत्रिका, भांड्यांवर कोरलेली नावं, फोटोच्या पाठीवरचा मजकूर बघा. आणि सालदाराची नातवंडं गावातच असतील तर त्यांच्या घरी जाऊन विचारा, वाड्याची गोष्ट त्या बाजूने कशी दिसत होती ते. मालकाच्या वंशजांनी सांगितलेल्या गोष्टीइतकंच वजन तिला द्या.

११. कागद काहीच नाही. घराकडे बघून वय कळेल?

अंदाज येतो, पण घराचा एकेक भाग वेगळा वाचायचा. मंगलोरी कौलांवर कारखान्याचं नाव उमटलेलं असतं आणि ती १८६५ नंतरचीच. पण छप्पर बदलतं, म्हणून कौलांवरून भिंतीचं वय काढू नका. चौकटीवर किंवा तुळशी वृंदावनावर शके कोरलेला असेल तर तो त्या चौकटीचा, त्या वृंदावनाचा.

सागवानी तुळई नीट पाहा. बाजूला मातीने बुजवलेल्या, काहीच न बसणाऱ्या खाचा दिसल्या तर ती आधी दुसऱ्या घरात होती. उजाड वाड्याचं लाकूड विकत घेऊन नवं घर उभं करणं ही आपल्याकडची सर्रास रीत. बलद, पेव (दोन्ही धान्य साठवायच्या जागा), धाब्याचं छत कुठे होतं हेही टिपून ठेवा. वऱ्हाडात दगडी जोत्याचे मोठे वाडे अनेकदा कापसाच्या पैशाचे: १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवीत कापसाला भाव चढला आणि १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोचली. तुमचा वाडा त्याच काळचा असेल असं मात्र गृहीत धरू नका, त्यासाठी कागद हवा (प्रश्न ६).

१२. १९०० किंवा १९१८ नंतर कुटुंबाची नोंदच थांबते. कुठे गेले?

बहुतेकदा कुठेच नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन दुष्काळ, मग प्लेग, आणि १९१८ चा इन्फ्लुएंझा. कोतवाल बुकाची १९१८ सालच्या शेवटच्या महिन्यांची पानं उघडा. मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात ओळीने 'ताप', 'ताप', 'ताप' लिहिलेलं दिसेल, आणि एकाच घरातली नावं एकाखाली एक. तिथे नावं नसतील तर मग मामाचं गाव, सासुरवाडी, गिरणीची शहरं बघा: नागपूर, हिंगणघाट, बडनेरा, अकोला.

१३. गावच राहिलं नाही. रीठ झालंय. किंवा धरणात गेलंय.

रीठ गावांचा मौजा कागदावर जिवंत असतो, फक्त वस्ती नसते. खसरा आणि नकाशा मिळतो. जवळच्या तीन-चार गावांत "आम्ही मूळचे त्या रिठावरचे" म्हणणारी घरं शोधा, रिठावरच्या देवाला वर्षातून एकदा नैवेद्य घेऊन कोण जातं ते पाहा.

धरणातल्या गावांचं, गोसीखुर्द असो की अप्पर वर्धा, कागदपत्र उलट फार चांगलं मिळतं. भूसंपादनाच्या निवाड्यात मोबदल्यासाठी घराघराची मोजमापं आणि मालकाचं नाव असतं, कधी लाकडाचा तपशीलही. उभ्या असलेल्या गावातही घरांची इतकी बारीक नोंद सापडत नाही. गडचिरोली-मेळघाटात, जिथे घराचा कागद कधी नव्हताच, तिथे २००६ च्या वनहक्क कायद्याखालच्या दाव्यांच्या फाईली मागा. त्यांत वडीलधाऱ्यांचे जबाब जोडलेले असतात.

१४. घरात गुप्तधन असल्याचं एकाने सांगितलं. खोदू का?

नका खोदू. सांगणाऱ्याला घरातही घेऊ नका. दहा रुपयांहून अधिक किमतीचं पुरलेलं काही सापडलं तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. आणि खोदल्याने जुन्या मातीच्या भिंतींचा पाया सुटतो. आत पोकळ वाजणारी जागा बहुतेक वेळा धान्याचं पेव निघते.

१५. भाऊबंदांना वाटतं मी हिस्सा मागायला आलो.

मग कागदाची मागणी पहिल्या भेटीत करू नका. जे मिळालं त्याची प्रत त्यांना आधी द्या. आणि खरंच हिश्शाचा वाद असेल तर हा शोध आणि तो वाद वेगळे ठेवा, त्यासाठी वकील गाठा. ग्रामपंचायतीची कर नोंद हा मालकीचा निर्णायक पुरावा नाही, हे दोन्ही बाजूंना आधीच माहीत असलेलं बरं.

१६. शोधात असं काही निघालं जे घरात कुणी बोलत नाही. दुसरं घर, न दाखवलेलं मूल, सालदाराशी झालेला अन्याय. लिहू का?

टिपून ठेवा, कुठल्या दप्तरात कुठल्या पानावर मिळालं त्यासकट. फाडू नका, खोडू नका. छापायच्या आधी मात्र ज्यांच्याबद्दल आहे त्यांची हयात मुलं-नातवंडं शोधून त्यांना दाखवा, विशेषतः ज्यांच्या बाजूने कागद कधीच नव्हता त्यांना. ते नको म्हणाले तर नाव वगळा, घटना ठेवा. सालदाराचे घरचे स्वतःच नाव घाला म्हणाले आणि मालकाचे वंशज नको म्हणाले, असंही होतं. अशा वेळी मी सालदाराच्या घरच्यांचं ऐकते.